गाणे कोणाचे, वेळ कोणती

२०२०च्या नोव्हेंबरात एक चित्रफीत घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरली. चाकाच्या खुर्चीत बसलेली एक स्पॅनिश आजी, कानांवर हेडफोन, त्यात चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चे सूर. आधी तिची मान हलते, मग हात हळूहळू वर जातात आणि अल्झायमर झालेली ही बाई बसल्याजागी बॅले करू लागते. तिचे नाव मार्ता. स्पेनमधल्या 'मुसिका पारा देस्पेर्तार' या संस्थेने हे चित्रण २०१९ मध्ये केले होते. फीत जगभर पोचली तेव्हा मार्ता हयात नव्हती. फितीत मधूनमधून झळकणारी तरुण नर्तकी मात्र मार्ता नव्हे. ती रशियन बॅलेरिना उलियाना लोपातकिना, आणि तिचा तो नाचही 'स्वान लेक'मधला नव्हे, 'डाइंग स्वान' हा वेगळाच.

आजीचे हात खरे होते, संकलन चलाख होते. पाहणाऱ्याला वाटले, हेडफोन लावला की हरवलेले माणूस परत येते. मग कुणी मुलगा वडिलांसाठी चांगला महागडा हेडफोन आणतो, जुन्या गाण्यांची एक तयार यादी लावून देतो. वडील दोन मिनिटांत तो ओढून काढतात, चिडतात. 'आमच्याकडे नाही चालत हे,' म्हणून हेडफोन कपाटात जातो. बहुतेक घरांत चुकलेले असते ते गाणे, नाहीतर वेळ, नाहीतर दोन्ही.

डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हा एकच आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, निर्णयशक्ती आणि रोजचे व्यवहार ढासळत जातात, त्या अवस्थेचे हे नाव. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. भारतात केलेल्या लासी-डॅड या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना हा त्रास आहे. यांतल्या बहुतेकांची काळजी घरातच घेतली जाते: सून, लेक, नवरा किंवा बायको, आणि परवडत असेल तर ब्यूरोची बाई. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

आधी अपेक्षा जागेवर आणून ठेवलेल्या बऱ्या. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचा कस लावते. संगीतावर आधारित उपचारांचा तिचा ताजा आढावा २०२५ मध्ये आला. त्यात ३० अभ्यास आणि १,७२० रुग्ण होते. उदासी बहुधा थोडी कमी होते आणि एकूण वागण्यातल्या तक्रारी कमी होऊ शकतात, एवढेच तो आढावा म्हणतो. आरडाओरडा, मारझोड यांवर फारसा परिणाम दिसला नाही. स्मरणशक्तीवर तर नाहीच. अमेरिकेत ५४ शुश्रूषागृहांत रुग्णांना त्यांच्या आवडीची गाणी ऐकवून झालेल्या एका मोठ्या चाचणीत सरासरी अस्वस्थतेत लक्षणीय फरक पडला नाही. घरच्या माणसांना शिकवून पाच देशांत झालेल्या 'होमसाइड' चाचणीतही वागण्याच्या तक्रारींत ठळक फरक आढळला नाही.

हे वाचून हेडफोन कपाटातच राहू द्यावा असे वाटेल. पण सरासरी ही मजेशीर चीज आहे. तिच्यात एखाद्या आजीचा सुखाचा अर्धा तास आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा वैताग एकमेकांना खोडून टाकतात. घरात माणूस एकच असतो. त्याला काय मानवते हे पाहायला चाचणीची गरज नसते, लक्ष ठेवण्याची असते. गाण्याने आजार मागे हटणार नाही; आंघोळीची एखादी सकाळ भांडणाशिवाय गेली, संध्याकाळची येरझार थोडी कमी झाली, तर ती कमाई मोठी आहे.

गाणेच का टिकते, याचे एक उत्तर २०१५ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दिले. ओळखीचे गाणे ऐकताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात हे त्यांनी निरोगी तरुणांत शोधले आणि अल्झायमरच्या रुग्णांत त्याच भागांचे काय होते ते तपासले. इतर भागांच्या तुलनेत तिथली झीज बरीच कमी होती. शिवाय वाजवण्याची, ताल धरण्याची आठवण ही सायकल चालवण्याच्या जातीची असते. नातवाचे नाव न आठवणारे आजोबा पेटी समोर ठेवली की भाता मारू लागतात, ते यामुळे. शाळेत घोकलेले पाढे, रामरक्षा, मनाचे श्लोक हेही याच वाटेने टिकतात. 'आमच्या आईला गाण्याबिण्याची आवड नव्हती' असे सांगणाऱ्यांनी हा कोपरा जरूर तपासून पाहावा.

आता एका अडचणीच्या विषयाकडे. संगीतोपचार म्हटले की मराठी घरांत पहिला प्रश्न येतो: कोणता राग लावायचा? झोपेसाठी अमका, रक्तदाबासाठी तमका, स्मरणशक्तीसाठी ढमका, अशा तक्त्यांची आपल्याकडे कमतरता नाही. त्या तक्त्यांना डिमेन्शियाच्या बाबतीत भरवशाचा आधार नाही. ज्या बाईने जन्मात मैफल ऐकली नाही तिच्यासाठी दरबारी कानडाची संथ आलापी म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस लांबलचक काहीतरी म्हणत बसला आहे, एवढेच. उलट सवाई गंधर्व महोत्सवाची एकही रात्र न चुकवलेल्या गृहस्थांना तीच आलापी घरी घेऊन येईल. गुण रागाच्या अंगी असेलही, पण इथे काम करते ती ओळख. म्हणून प्रश्न राग कोणता असा न विचारता गाणे कोणाचे असा विचारावा.

ते शोधायला एक सोपे गणित आहे. माणसाच्या मनात सर्वांत घट्ट बसतात त्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी. तेव्हा जन्मसालात दहा मिळवावेत, मग तीस मिळवावेत आणि त्या दोन सालांमधले संगीत चाळावे. १९४२ साली जन्मलेल्या पुण्याच्या आजी घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढे ५६ आठवडे चालले, तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' होती, १९५७ साली विविध भारती आली. जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने गाजलेले 'मत्स्यगंधा' १९६४ चे, 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चे, 'पिंजरा' १९७२ चा. तिशी तिथे संपते. त्याच आजींना पुढच्या काळातली भावगीते मुलांमुळे कानावर पडलेली असतील, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. घरात अनेकदा असे होते, की मुले आपल्या लहानपणची गाणी आईची आवड म्हणून लावतात.

आणि सगळ्यांचे तारुण्य रेडिओसमोर गेलेले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर बायकांच्या मूळ आवाजात ऐकता येतात. मुळशी, मावळ किंवा मराठवाड्यातल्या खेड्यात पहाटे दळत मोठी झालेली आजी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहत असेल, तर तिच्यासाठी हा खजिना नाट्यगीतांपेक्षा मोलाचा. कुणाची आठवण भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांत असते, कुणाची हरिपाठात आणि वारीच्या वाटेवरच्या टाळांत. कुणाची वामनदादा कर्डकांच्या आणि प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यांत. चाळीत आंबेडकर जयंतीच्या रात्री ऐकलेली. वसईच्या चर्चमधली मराठी स्तोत्रे, गिरगावात आणि माझगावात स्थिरावलेल्या गोवेकरांचे मांडे आणि तियात्रातली कांतारां, मालेगावच्या आणि भिवंडीच्या कव्वाल्या, गिरणगावातले शाहिरांचे पोवाडे. 'जुनी मराठी गाणी' नावाची तयार यादी यातले काहीच ओळखत नाही.

रुग्णाला थेट 'तुम्हाला कोणते गाणे आवडते?' असे विचारले तर उत्तर क्वचित मिळते. उलट परीक्षेला बसवल्यासारखे होते आणि माणूस ओशाळतो. विचारायचे ते बहिणीला, दिराला, शाळासोबत्याला, चाळीतल्या शेजाऱ्याला. लग्नाच्या वरातीत बँडने काय वाजवले होते? कोणत्या टुरिंग टॉकीजमध्ये कोणता सिनेमा पाहिला होता? कामावर गुणगुणत काय असत? गणपतीत आरत्यांच्या पुढे कोणते भजन व्हायचे? यातून वीसपंचवीस नावे निघतात. मग एकेक गाणे दीड-दोन मिनिटे लावून पाहावे. पायाची बोटे हलली, ओठ हलले, नजर स्थिर झाली की गाण्यापुढे खूण. दिवसाला तीन-चार गाणी पुरेत.

मूळ गायकाचा, मूळ ध्वनिमुद्रणाचाच आग्रह धरावा. सुधीर फडक्यांच्या आवाजात साठवलेले गाणे रिॲलिटी शोमधल्या मुलाने कितीही सुरेल गायले तरी रुग्णाला ते दुसरेच वाटू शकते. रीमिक्स तर नकोच.

गाणी सापडली की वेळेचा प्रश्न. लिंडा गर्डनर या अमेरिकी परिचर्या-संशोधकांनी १९९०च्या दशकात मांडलेली पद्धत इथे अतिशय उपयोगाची आहे. रुग्णाची अस्वस्थता दिवसाच्या ठरावीक वेळी शिगेला जाते. आवडीचे संगीत त्याआधी सुमारे अर्धा तास लावावे, असे त्या सांगतात. माणूस ओरडू लागल्यावर गाणे लावले तर त्याच्या गोंधळात आणखी एका आवाजाची भर पडते. म्हणून आठवडाभर साध्या वहीत नोंद ठेवावी: त्रास किती वाजता झाला, आधी काय घडले होते, किती वेळ टिकला. बऱ्याच घरांत चित्र एकच निघते. दुपारची झोप झाली, उन्हे उतरली, आणि 'मला घरी जायचंय' सुरू झाले. त्रास साडेपाचला सुरू होत असेल तर गाणे पाचला. दिवेही त्याच वेळी लावून टाकावेत. अर्धवट उजेडातल्या सावल्या घाबरवतात.

आंघोळ आणि कपडे बदलणे ही दुसरी कठीण वेळ. अनोळखी हाताने अंगावरचा कपडा काढला की माणूस प्रतिकार करणारच. स्वीडनमध्ये एवा योटेल आणि सहकाऱ्यांनी सकाळची शुश्रूषा तीन तऱ्हांनी करून पाहिली: नेहमीसारखी, पार्श्वसंगीत लावून, आणि काळजी घेणारीने स्वतः गात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की ती गात असताना तोंडी सूचना फारच कमी द्याव्या लागल्या आणि तरीही रुग्णाला पुढे काय करायचे ते अधिक कळत होते. 'हात वर करा, आता हा, नाही नाही, तो' या भडिमाराऐवजी ओळखीची चाल आणि कपड्याची बाही. आवाज चांगला असण्याची अट नाही. ब्यूरोच्या मावशींना आजींची दोन गाणी शिकवणे हे त्यांना औषधांच्या वेळा सांगण्याइतकेच कामाचे आहे, आणि बहुतेक मावशींना ती आधीच येत असतात. फक्त कुणी गायला सांगितलेले नसते.

जेवताना मात्र शब्दांच्या गाण्यापेक्षा संथ वाद्यसंगीत बरे पडते. ओळखीचे गाणे लागले की काही जण घास तोंडात ठेवून गाऊ लागतात. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्यासाठी हे धोक्याचे आहे.

दिवसभर गाणी चालू ठेवणे हा सगळ्यात सामान्य घोटाळा. थकलेल्या मेंदूला आवाज गाळता येत नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर, दिवाणखान्यातल्या वृत्तवाहिनीवरची वादावादी, गल्लीतला भोंगा आणि वर कोपऱ्यात लतादीदी, हे सारे त्याच्यापर्यंत एकाच पातळीवर पोचते. टीव्ही बंद, दार लोटलेले, मग गाणे. वीस ते तीस मिनिटे झाली की थांबावे आणि शांतता राहू द्यावी.

यूट्यूबवरून लावत असाल तर जाहिरातींचे काहीतरी करावेच लागेल. अभंगाच्या मधोमध कुणी कर्ज घ्या म्हणून ओरडले, की पाच मिनिटांची शांती पाच सेकंदांत जाते. गाणी उतरवून ठेवावीत किंवा जाहिरातमुक्त सेवा घ्यावी. २०१७ पासून मिळणारा सारेगामाचा कारवान अनेक घरांत आहे. त्याची ठेवण जुन्या रेडिओसारखी असल्याने आजी-आजोबांना तो परका वाटत नाही. पण त्यातली हजारो गाणी ही कंपनीची निवड आहे. घरच्यांनी शोधलेली पंचवीस गाणी पेनड्राइव्हवर घालून तो वापरावा.

त्याहून आधी कान तपासावेत, अगदी शब्दशः. कानात मळ साठलेला असणे, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असणे, ही 'बाबांना गाणं नको वाटतं' याची नेहमीची कारणे. हेडफोन लावायचे तर मोठ्या मऊ गादीचे. कानात खुपसायचे बोंडूक अनेकांना किड्यासारखे वाटते. लहान स्पीकर शेजारी ठेवणे अधिक सोपे, आणि दोघांना मिळून ऐकताही येते. आवाज इतकाच, की शेजारी बसून नेहमीच्या स्वरात बोलता येईल.

गाणे लागल्यावर बघायचे ते चेहऱ्याकडे. भुवया आक्रसणे, मुठी वळणे, खुर्चीच्या हातावर बोटे आपटणे, उठून जाऊ पाहणे: थांबवा, समजावत बसू नका. डोळ्यांत पाणी आले तर लगेच बंद करण्याची घाई नको. माणूस जवळ आला, हात धरला, श्वास संथ राहिला तर ते रडणे ओझे उतरवणारे असते. आक्रोश वाढत गेला, कुणाला तरी हाका मारणे सुरू झाले, तर ते गाणे यादीतून कायमचे काढावे. नवऱ्याच्या अंत्ययात्रेत भजनी मंडळाने म्हटलेला अभंग एरवी कितीही लाडका असो, त्या संध्याकाळी तो त्या बाईला तिथेच नेऊन उभे करतो. आणि नवरा गेल्याची बातमी तिला जणू पहिल्यांदाच कळते. अशी गाणी कोणती हे थोरल्या मुलीला किंवा नणंदेला नक्की ठाऊक असते. विचारावे.

डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात वेगळाच अनुभव येतो. काहींना संगीताचे वेड लागते आणि एकच गाणे दिवसभर लावून हवे असते. काहींना पूर्वीचा आवडता आवाजच सहन होत नाही. हा आजाराचा भाग असतो, हट्टीपणा नव्हे, आणि डॉक्टरांना तो सांगायला हवा.

डॉक्टरांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती या लेखातल्या सगळ्या सूचनांपेक्षा महत्त्वाची. काल ठीक असलेला माणूस आज एकाएकी चिडला, ओरडू लागला किंवा एकदम सुस्त झाला, तर गाणे शोधू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखरा दात, पडल्याचा मुका मार, नव्या गोळीचा परिणाम, अंगातले पाणी कमी होणे, यांतले काहीही असू शकते. आणि ते शब्दांत सांगण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

ऐकण्यापेक्षा गाणे, आणि एकट्याने गाण्यापेक्षा मिळून गाणे, याकडे अलीकडचे पुरावे झुकताना दिसतात. मेलबर्नच्या वृद्धाश्रमांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिडेल' चाचणीत प्रशिक्षित उपचारकांचे छोटे गट आणि समाजातल्या संगीतकारांनी चालवलेले साधे समूहगायन यांची तुलना केली होती. रुग्णांची उदासी कमी करण्यात समूहगायन सरस ठरले. फिनलंडमध्ये तेप्पो सारकामो यांच्या गटाने ८९ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे अशा जोड्यांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. सौम्य अवस्थेतल्या रुग्णांना नियमित गाण्या-ऐकण्याचा फायदा झालाच, शिवाय काळजी घेणाऱ्यांनाही दिलासा मिळाला. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटीचे 'सिंगिंग फॉर द ब्रेन' हे गट २००३ पासून हेच करत आले आहेत. रुग्ण आणि घरचे माणूस शेजारी बसून गातात. तासभर कोण रुग्ण आणि कोण सेवेकरी हे वेगळे राहत नाही.

महाराष्ट्रात यासाठी नवे काही उभारायला नको. वस्तीवस्तीत भजनी मंडळे आहेत, आणि संगीतोपचारक ज्यावर फार भर देतात ती गोष्ट त्यांच्या रीतीतच आहे: सुरुवात आणि शेवट ठरलेले असणे. 'रामकृष्ण हरी'चा गजर, रूपाचा अभंग, आणि शेवटी पसायदान. आता काय चालले आहे आणि आता संपले, हे विसरलेल्या माणसालाही कळते. मंडळाने फक्त थोडे जमवून घ्यायचे. बैठक जमिनीवर नको, खुर्च्यांची अर्धगोल मांडणी हवी. म्हातारपणी आवाज खाली येतो, म्हणून पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवावी. झांजेचा आणि पखवाजाचा एकदम येणारा कडकडाट दचकवतो. चिपळ्या किंवा नुसत्या टाळ्या ठेवाव्यात. शब्द मोठ्या ठळक अक्षरांत, एका कागदावर एकच अभंग. चाळीस मिनिटांत आटोपावे. एखादे आजोबा दुसऱ्याच अभंगाची ओळ म्हणू लागले तर मंडळाने त्यांच्या मागे जावे, दुरुस्ती करू नये. भजनी मंडळातल्या काही जाणकारांना हे जड जाईल.

नियमितपणाचे नामांकित उदाहरण म्हणजे अमेरिकी गायक टोनी बेनेट. अल्झायमरचे निदान २०१६ मध्ये झाले, पण त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. गायत्री देवी यांनी गाणे चालू ठेवण्याचा आग्रह धरला. त्यांचा जुना पियानोवादक आठवड्यातून दोनदा घरी येई आणि दीड तासाचा पूर्ण कार्यक्रम ते म्हणून काढत. ऑगस्ट २०२१ मध्ये, ९५व्या वाढदिवशी आणि त्यानंतर आणखी एका रात्री, त्यांनी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लेडी गागासह गाऊन निरोप घेतला. प्रत्येक रुग्ण बेनेट नसतो. पण कुठल्याही पेटीवादकाच्या, तबलजीच्या किंवा कीर्तनकाराच्या घरच्यांनी 'आता कशाला त्यांना त्रास' म्हणून वाद्य माळ्यावर टाकण्याआधी हा आठवड्याचा क्रम आठवावा.

घरगुती प्रयत्न आणि व्यावसायिक संगीतोपचार यांत फरक आहे. प्रशिक्षित उपचारक आधी रुग्णाची पाहणी करतो, उद्दिष्ट ठरवतो, प्रत्यक्ष वाजवत-गात रुग्णाच्या प्रतिसादानुसार लय आणि सूर बदलतो आणि नोंदी ठेवतो. बोलणे जवळजवळ थांबले असेल, औषधांनीही अस्वस्थता आवरत नसेल किंवा घरची माणसे पार थकली असतील, तर असा माणूस शोधावा. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात या विषयाचे शिक्षण मिळते, चेन्नईतही संस्था आहेत. पण दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर पाटी लावणारेही भेटतात. म्हणून सरळ विचारावे: शिक्षण कुठे आणि किती काळ घेतले? डिमेन्शियाच्या रुग्णांसोबत किती काम केले आहे? उपयोग होतो आहे की नाही हे कशावरून ठरवाल? किती बैठकांनंतर थांबायचे? आजार बरा करून देतो म्हणणाऱ्याला पहिल्याच भेटीत नमस्कार करावा. आजाराबद्दलची माहिती आणि आधारगट यांसाठी १९९२ साली सुरू झालेली एआरडीएसआय ही राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर मिळते.

निदान नुकतेच झाले असेल, तर एक काम आजच हाती घेता येते. रुग्णाला अजून सांगता येते आहे तोवर त्याच्याकडूनच यादी करून घ्यावी, जमल्यास त्याच्याच आवाजात: हे गाणे कुठे ऐकले, कोणासोबत, का आवडते. पुढे याच ध्वनिमुद्रणावरून कळेल, की एखादे गाणे सिनेमासाठी नव्हे, तर कोल्हापूरच्या वसतिगृहातल्या खोलीसोबत्यासाठी लाडके होते.

ती यादी कागदावर उतरवून फायलीत औषधांच्या चिठ्ठीसोबत ठेवावी. रुग्णालयात दाखल करावे लागले, तर अनोळखी खोलीत पहिल्या रात्री गोंधळ वाढतो. नर्सच्या हाती ती यादी आणि छोटा स्पीकर द्यावा. लीड्सच्या किंवा न्यू जर्सीच्या केअर होममध्ये असलेल्या मराठी आईवडिलांसाठी तर हे फार गरजेचे, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांना मराठी गाणे अभंग आहे की लावणी हेही कळणार नाही, आणि भारतीय म्हणून कुठलेही हिंदी गाणे लावले जाईल. कागदावर गाण्याचे नाव त्यांच्या लिपीत, शेजारी एका ओळीत अर्थ आणि प्रसंग, कोणत्या वेळी लावावे, आवाज किती, आणि रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारावी. जी गाणी कधीच लावायची नाहीत त्यांची ओळ सगळ्यात वर, लाल शाईत.